गवई मेलाच नाही

माझ्या घरमालकांच्या तोंडून दुपारपर्यंत शब्द निघत नसे. आपण बोललो तर ते ऐकत, मान हलवत, भुवया वर-खाली करत, फारच अडलं तर अंगणातल्या धुळीत काठीनं रेघ ओढून दाखवत. पण बोलत नसत. सूर्य डोक्यावरून कलला की मग पहिली हाक बायकोला, दुसरी कुत्र्याला. मी शाळेतून परत आले की तिसरी मला. "बाई, सकाळी काय म्हनून राह्यल्या होत्या तुम्ही?" सकाळी मी काय म्हणत होते ते संध्याकाळी मला आठवेल तर शपथ.

"सकाळचा आवाज देवाचा," असं त्यांचं म्हणणं. "मानसानं दुपारून वापरावा." देवाच्या वाट्याचा आवाज ते गळ्याला मफलर गुंडाळून सांभाळत, अगदी वैशाखातसुद्धा. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागले.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. तीर्थपुरीच्या शाळेत मला नोकरी मिळाली आणि अंबडहून बसनं ट्रंक घेऊन मी खोली शोधायला उतरले. लोक आधी आडनाव विचारत. ते सांगितलं की खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असे. एका घरात मी पाय ठेवला तेव्हा भिंतीला चुना लावणं चाललं होतं, आणि माझं आडनाव सांगून होईपर्यंत त्या ओल्या खोलीत त्यांचा भाचा राहायलासुद्धा आला. आम्ही बौद्ध. माझ्या लहानपणीच वडिलांनी दीक्षा घेतलेली. अशा भाच्यांची मला सवय होती, पण सवय झाली म्हणून राग येत नाही असं नाही.

आबांनी आडनाव विचारलं नाही. दुपार टळलेली होती, हे माझं नशीब. बाजेवर बसूनच म्हणाले, "ओ म्हना."

मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं नाव सांगितलं.

"नाव कामून सांगून राह्यल्या? ओ म्हना. लांब. श्वास संपंस्तोर."

डोक्यात रस्त्याची धूळ, हातात ट्रंक आणि परक्या अंगणात उभी राहून मी ओ म्हणत होते. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. आबांनी डोळे मिटून घेतले होते. ओ संपला तेव्हा म्हणाले, "श्वास तोकडा हाय, पर सूर खोटा न्हाई. तुमच्यात कोन गातं?"

मी सांगितलं, वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतात.

"मंग तुम्ही अजून उभ्या कामून? बसा की." आणि बायकोला पाणी आणायला सांगितलं. मला खोली मिळाली. ओ ऐकून माणूस ठरवणं हा वेडेपणाच, पण आडनावावरून ठरवण्यापेक्षा बरा. ओ निदान सुधारता तरी येतो.

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायची. आबांच्या सकाळच्या मौनाचा मावशींइतका फायदा कुणीच करून घेतला नसेल. घरातला प्रत्येक मोठा प्रश्न त्या सकाळीच विचारत. "म्हैस इकू का?" आबा गप्प. "धाकटीला माहेरपनाला आनू का?" आबा गप्प. "गोठ्यावर पत्रं टाकून घेऊ का?" आबांच्या भुवया केसांपर्यंत चढत, पण ते गप्प. दुपारी ते गरजायला लागत तोवर म्हैस दुसऱ्याच्या दावणीला गेलेली असे. मावशी शांतपणे म्हणत, "तुम्ही न्हाई कुठं म्हनलाव?" हा संसार असा निम्म्या दिवसाच्या संमतीवर चाळीसेक वर्षं बरा चालला होता.

आबा ओव्या गात. जातीनं धनगर, वाडवडील मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरलेले. आबांच्या हयातीत जमीन आली, घर आलं, मेंढरं थोडीच उरली, ती मायेपोटी. त्यांच्या गाण्याची रीत मला तिथेच कळली. एक जण पुढे बसून ओवी म्हणतो. मागे बसलेले दोघं-तिघं त्याच्या ओळीचा शेवट उचलतात आणि खालच्या सुरात लांबवत राहतात, म्हणजे पुढच्याला श्वास घ्यायला सवड मिळते. त्याला झील धरणं म्हणतात. आणि एक तुकडा गाऊन झाला की गाणारा थांबतो आणि तेच पुन्हा साध्या बोलण्यात सांगतो, अगदी मागच्या म्हातारीलाही कळावं असं. मग पुढचं गाणं. आधी गाणं, मग सांगणं. आबांच्या मते नुसतं गाणं म्हणजे पाहुण्याला बोलावून दाराला कडी लावणं.

या गळ्यासाठी माणसानं काय काय सोडलं होतं. दही नाही, ताक नाही, चिंच तर नावालासुद्धा नाही. बाजाराच्या रस्त्यावर एक मोठी चिंच होती. तिची सावली अंगावर पडू नये म्हणून ते वावरातून वळसा घालून जात, मग चिखल असो की काटे. लग्नाच्या पंगतीत स्वतःची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसत. खिशात ज्येष्ठमध आणि खडीसाखर. त्यातली खडीसाखर बहुतेक वेळा माझ्या वर्गातल्या मुलींच्या पोटात गेली, ही गोष्ट वेगळी.

माणसं ते आवाजावरून ओळखत आणि आवाजावरूनच त्यांची किंमत करत. आमच्या हेडमास्तरांना झेंडावंदनाच्या दिवशी दुपारी, चारचौघांत, म्हणाले होते, "भाषन बराबर हाय सर, पर गळ्यात वाळू हाय तुमच्या." अंबडच्या एका वकिलाचा आवाज सगळ्यांना गोड वाटे. आबा म्हणत, "गोड हाय, पर बेंबीतून न्हाई येत. दातापासूनच निघून राह्यला." पुढे त्या वकिलानं काय दिवे लावले ते गावानं पाहिलंच.

एकदा कळपातल्या पुढच्या मेंढीची घंटी फुटली. आबा बसनं जालन्याला गेले आणि कासाराच्या दुकानात दिवसभर बसून एकेक घंटी वाजवून पाहत राहिले. एक घेऊन आले, मेंढीच्या गळ्यात बांधली, दुपारभर तिच्यामागे हिंडले आणि दुसऱ्या दिवशी घंटी परत करायला पुन्हा जालन्याला. "घंटी चांगली हाय हो," मला म्हणाले, "पर मेंढी बें करती तवा ही तिच्यासंगं भांडून राह्यली." कासारानं त्यांना पाहून दुकानाची फळी लावली असं गावात सांगत. मला ते खोटं वाटत नाही.

एवढं वाचून आबा म्हणजे एक गमतीचा म्हातारा, असं कुणालाही वाटेल. होतेच. पण माझ्या तिथल्या वर्षांत त्यांच्या जिवाला एक घोर लागलेला होता, आणि तो काही गमतीचा नव्हता.

गावाबाहेर माळावर त्यांच्या देवाचं ठाणं. वर्षातून एकदा जत्रा. त्या दिवशी दुपारी एक लांब ओवी सुरू होई, देव मेंढरं घेऊन गोदावरी ओलांडतो त्याची, आणि दिवस मावळता संपे. ओवी म्हणणाऱ्यासाठी सर्वांत पुढे काळी घोंगडी अंथरत. वडील गेल्यापासून त्या घोंगडीवर आबाच बसत आले होते. रीत अशी की ही घोंगडी एकदा दुसऱ्याला दिली की देणारा पुन्हा कधी तिच्यावर बसत नाही. त्यामुळे जिवंतपणी कुणी ती देतच नसे. "ती माझ्याखालून निघंल ती मला गुंडाळूनच," असं आबा म्हणत, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी समाधानी असे.

पण आवाज फाटायला लागला होता. खाली घट्ट होता, वर गेला की तडकायचा. ओवीत एक जागा आहे: नदीला पूर, कळप काठाला, आणि देव पलीकडच्या काठाला हाक मारतो. ती हाक आबांच्या गळ्यातून निघेना. मी पाहिलेल्या पहिल्या जत्रेत त्या जागेला ढोलवाल्यांनी ढोल एवढा वाढवला की आबा गायले की नाही हे कळूच नये. माणसांनी मायेनंच केलं ते. आबांनी ओवी पुरी केली, उठले आणि ढोलवाल्याच्या पाठीत काठी घातली. तो बिचारा हसला. आबा घरी येऊन दोन दिवस दुपारीसुद्धा बोलले नाहीत.

पुढे कोण बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. आबांना मुली होत्या, मुलगा नव्हता. थोरल्या भावाचा मुलगा त्यांनीच शिकवून तयार केलेला. हा पुतण्या तिशीचा, उंच. शहागडला हमरस्त्यावर ट्रकची पंक्चर काढायचं त्याचं दुकान होतं. चाकं ठोकता ठोकता तो गायचा आणि जाणाऱ्या ट्रकच्या वर त्याचा आवाज ऐकू यायचा. पण मी राहायला गेल्यानंतर वर्षभरातच काका-पुतण्याचं वाजलं. शहागडच्या एका लग्नात पुतण्यानं माईकवर ओवी म्हटली, आणि लोकांना घाई होती म्हणून सांगण्याचा भाग गाळला. आबा मांडवात होते. उठले, चालत गेले आणि त्यांनी माईकची वायर उपटली.

"सांगनं सोडलं तर गाऊन काय उपेग?" ते म्हणाले. "भोंग्यातून थुंकी उडती, ओवी न्हाई."

पुतण्याही त्यांच्याच रक्ताचा. भरल्या मांडवात म्हणाला, "काका, तुमचा आवाज आता भोंग्याबिगर तिसऱ्या रांगेला जात न्हाई. लोकं तुम्हाला सांगत न्हाईत, येवढंच."

खरं होतं, म्हणूनच वर्मी लागलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. दिवाळीला मावशींनी नेहमीप्रमाणे सकाळीच विचारलं, "पुतन्याला जेवाया बलवू का?" आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि दिवस नीट उजाडायच्या आत स्वच्छ आवाजात म्हणाले, "न्हाई." मावशी दचकल्या. इतक्या वर्षांत सकाळचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

पुढच्या जत्रेतही आबाच बसले, पुन्हा तडकले, पुन्हा ढोल वाढला. पुतण्या माळाच्या कडेला उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आबांनी तिकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या जत्रेला महिना राहिला असेल, तेव्हा औरंगाबादहून फिरत्या सिनेमाची गाडी आली. मेंढ्यांचे रोग आणि लोकर यांवर माहितीचा सिनेमा दाखवणार अशी दवंडी पिटली होती. वाड्यावस्त्यांवरून माणसं भाकरी फडक्यात बांधून चालत आली. शाळेतल्या तीन वर्गांमधले लाकडी पडदे काढून एकच लांब वर्ग केला. खेळ भर दुपारचा. अंधार करायला खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. एका खिडकीची चौकट वाळवीनं खाल्लेली, तिच्यात खिळा टिकेना. पुतण्या सगळ्यांत उंच, त्याचीही चार मेंढरं गावात आईपाशी होती म्हणून तोही आला होता. त्यानं ती घोंगडी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून खिडकी झाकली. आबा पुढे बसले होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि मफलर नीट केला.

मशीन सुरू झालं. पडद्यावर एक मोठं तळं, काठावर परदेशी बंगला आणि कोट घातलेला म्हातारा. मेंढरू एकही नाही.

"येतील," मागून कुणीतरी म्हणालं.

मेंढरं आली नाहीत, एक जाड बाई आली आणि तिनं गाणं सुरू केलं. काय आवाज तो. वर चढला, आणखी चढला, आता संपला म्हणावं तर तिथून पुढे चढला. वर्गात एकच हशा. एक म्हातारी म्हणाली, "अगं माय, हिला कोन मारून राह्यलं?" मशीनवाल्याचा चेहरा पडला. डब्यावर मेंढ्या लिहिलेलं, आत मात्र परदेशी गाण्याचा सिनेमा. शहरातल्या कुठल्याशा हौशी मंडळींना दाखवायचा होता, डब्यांची अदलाबदल झाली होती. तो मशीन बंद करायला निघाला.

आबा उठले. त्यांचा एक हात कानामागे होता. "गाणं हाय ना? मंग चालू द्या. लोकं लांबून आल्ते." आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "गप ऱ्हावा. मोठा आवाज हाय हा. बेंबीतून येऊन राह्यलाय."

पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येत होती. हेडमास्तरांनी मोठ्या मनानं ते काम माझ्यावर सोपवलं, म्हणून मी फळ्याला टेकून वाचत राहिले आणि मराठीत सांगत राहिले. गोष्ट साधी होती. एक म्हातारा गवई, आवाज गेलेला, आजारी. घरात एक मोलकरीण. तो आपल्या तरुणपणीची नाटकं आठवतो, आणि त्या नाटकांत बोलणंसुद्धा गाऊनच. पहिलं गाणं संपताच आबा म्हणाले, "थांबवा."

"असं मधेच थांबवता येत नाही," मशीनवाला म्हणाला. "दिव्यासमोर फिल्म थांबली तर जळेल."

"मंग दिवा बंद करा. गाणं झालं. आता सांगाया पायजे का न्हाई?"

मशीनवाल्यानं कपाळाला हात लावला, पण दिवा बंद केला. आबा अंधारात उभे राहून सांगायला लागले. "हा म्हातारा लई मोठा गवई व्हता. ह्याच्या गान्याला राजे येऊन बसायचे. आता आवाज गेला. कामून गेला? सकाळी बोलला म्हनून."

असं प्रत्येक गाण्यानंतर चाललं. मी वाचायची एक, आबा सांगायचे दुसरंच. नाटकात गवयाच्या छातीत खंजीर खुपसतात आणि तो खंजीर घेऊनच बराच वेळ गातो, तेव्हा ती म्हातारी पुन्हा म्हणाली, "अरे, दवाखान्यात न्या की त्याला, गात कामून बसलाय?" आबा म्हणाले, "श्वास हाय तवर गाऊन घेऊन राह्यला. घेऊ दे." मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे आपल्यावानीच हाय, फकस्त उलटं. आधी बोलल्यावानी म्हनतेत, मंग गातेत. पर झील धराया कोनी न्हाई. येकट्यानं वढायचं म्हनल्यावर आवाज जानार न्हाई तर काय?" तिसऱ्या गाण्यानंतर मशीनवाला न सांगताच थांबू लागला. बिडी ओढत तोही ऐकत होता.

मग शेवटचं रीळ लागलं. गवयाची एक शिष्या असते. त्याला सोडून मोठ्या शहरात गेलेली, तिथे नाव काढलेली. गुरू आजारी आहे हे कळल्यावर ती परत येते. तिला घरात घेत नाहीत. ती बागेत त्याच्या खिडकीखाली उभी राहते आणि गायला लागते. म्हातारा खुर्चीत. मोलकरीण खिडकीशी जाते, झडपेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहते. त्याचे ओठ हलतात. खाली अक्षरं आली आणि मी वाचली.

"तो म्हणतो, खिडकी लाव."

काहींनी मान वळवून मागच्या खिडकीकडे पाहिलं. काका-पुतण्याचं भांडण तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. वाचायलाच नको होतं असं वाटलं. पडद्यावर मोलकरणीनं खिडकी लावली. बाहेर ती मुलगी गातच होती.

आबा या वेळी थांबवा म्हणाले नाहीत. गाणं चालू असतानाच बोलले, आणि तसं त्यांनी आधी एकदाही केलं नव्हतं. "म्हातारा म्हनला, खिडकी उघड."

"आबा," मी हळूच म्हटलं, "लाव म्हणाला."

"तुम्ही वाचा बाई. सांगायचं काम माझं हाय." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "उघड म्हनला. पोरगी लांबून आली, म्हनला. ऐकू दे मला."

"खिडकी तर बंदच दिसती की, आबा," कुणीतरी म्हणालं.

"उघडली म्हनलं ना." आबांचा आवाज तडकला, गाताना तडकायचा तसा, पण ते गात नव्हते, साधं बोलत होते.

तेवढ्यात मागे घोंगडी खाली पडली. पुतण्याचे हात भरून आले असतील. तो तसंच म्हणाला नंतर. दुपारचं सगळं ऊन एकदम आत आलं. पडदा पांढरा झाला आणि गवई, मोलकरीण, तळं, सगळं पुसून गेलं. उरलं फक्त त्या मुलीचं गाणं. मशीनवाला ओरडला, "अरे, धर ती घोंगडी." पुतण्या ती उचलायला वाकला.

"राहू दे," आबा म्हणाले.

दीड-दोन वर्षांत काका पुतण्याशी बोलला तो हा पहिला शब्द. पुतण्या घोंगडी हातात घेऊन तसाच उभा राहिला, आणि आम्ही सगळे लख्ख उजेडात, कोऱ्या पडद्याकडे तोंड करून, एका न पाहिलेल्या देशातलं गाणं रीळ संपेपर्यंत ऐकत बसलो. एरवी हसणारी ती म्हातारीसुद्धा डोळे पुसत होती.

म्हातारा पुढे मेला असणार. अशा सिनेमात मरतातच. पण अक्षरंच दिसेनात तर मी वाचणार काय? आमच्या गावापुरता तो गवई मेला नाही. मेंढ्यांचा खरा सिनेमा नंतर आला, तो फारच कंटाळवाणा होता, आणि लोकांनी मशीनवाल्याला विचारलं की त्या म्हाताऱ्याची तब्येत आता कशी आहे.

जत्रेच्या दोन दिवस आधीची सकाळ मला अजून दिसते. मी अंगणात घागर भरत होते. मावशींनी काळी घोंगडी उन्हात टाकायला म्हणून बाहेर आणली होती. ती हातावर घेऊनच त्या आबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही शहागडला पाठवू का?"

माझी घागर भरून वाहायला लागली, तरी मी हलले नाही. मावशींनी आयुष्यभर सकाळी जे विचारलं ते म्हशीचं, पत्र्यांचं. हे तसलं नव्हतं. आबांच्या हातात गरम पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. आता ते दिवाळीसारखं न्हाई म्हणणार याची मला खात्री होती, आणि म्हणावं असंही कुठेतरी वाटत होतं, कारण त्या घोंगडीवरून उठलेले आबा कसे दिसतील हे मला पाहायचं नव्हतं. त्यांनी मावशींकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं. सूर्य अजून लिंबाच्या वर आला नव्हता; बोलायला कितीतरी अवकाश होता. मग त्यांनी तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी घोट घोट पिऊन टाकलं.

मावशींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. शहागडच्या बाजूला जाणाऱ्या पहिल्या बसनं घोंगडी गेली. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा आबा बाजेवर बसून होते. पहिल्या दोन हाका केव्हाच झालेल्या. मला म्हणाले, "बाई, हिनं घोंगडी झटकून दिली का? तुम्ही व्हत्या ना? तिच्यात कुसळं ऱ्हातेत. त्याला सवय न्हाई बसायची, टोचतील."

जत्रेला मी गेले. माळावर माणूस मावत नव्हता. पुतण्या माईक न आणता आला होता. त्यानं घोंगडी अंथरली, पण बसेना, उभाच राहिला. आबा आले ते सरळ त्याच्या पाठीमागे जाऊन झील धरणाऱ्यांच्या रांगेत, नुसत्या मातीवर, मांडी घालून बसले. मफलर काढून मांडीवर ठेवला. त्या वर्षी त्यांनी तो पहिल्यांदाच चारचौघांत काढला. तेव्हा पुतण्या बसला.

ओवी चालली. एक तुकडा गायचा, थांबून सांगायचा, पुन्हा गायचा. पुतण्यानं एकही सांगणं गाळलं नाही. आणि मागून आबांची झील. वर जायचं नव्हतं, तडकायचं काही कारणच नव्हतं. घट्ट, रुंद, लांब सूर. मला तर तो सबंध माळाखालून येतोय असं वाटलं. मला इतकं बरं वाटलं की शेजारच्या अनोळखी बाईचा हात मी धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

मग पुराची जागा आली. कळप काठाला, आणि हाक मारायची. ढोलवाल्यानं सवयीनं हात उचलला. आबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं हात खाली घेतला. सगळा माळ थांबला. पुतण्यानं श्वास घेतला, पण गाईना. या जागेला काकांचं काय झालं ते त्यानं दोन वर्षं पाहिलं होतं. त्यांच्यासमोर ती हाक मारायचा त्याला धीर होईना. त्यानं मान वळवून मागे पाहिलं.

"मागं काय बघून राह्यला?" आबा म्हणाले. "पुढं बघून गा. मागं मी हाय."